मधल्या चाकाचे सत्तेचाळीस दात

मी, थोरला मिस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळे चष्म्यासह ठीक आहेत. हात सकाळी दहापर्यंत थरथरतात, म्हणून अकरानंतर लिहायला बसलो आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गळ घातलेली नाही. घालायला घरात दुसरे कोणी नाहीच. वकिलीणबाईंनी नमुन्यासाठी दिलेल्या कागदात "मानवी देह क्षणभंगुर आहे" असे वाक्य होते. ते मी गाळले. जो माणूस तेवीस वर्षे एकाच स्टुलावर बसून एकटा जेवतो, त्याला देह क्षणभंगुर आहे असे काही वाटत नाही.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द समजावे. त्यात माझ्या बहिणीचा उल्लेख एकदाच होता, "तिला काहीही देऊ नये" या वाक्यात.

कलम १. मी लग्न केले नाही. आईवडील गेले. माझे म्हणावे असे एकच माणूस आहे, माझी सख्खी लहान बहीण, वय वर्षे चौसष्ट, जिला यापुढे "धाकटी" म्हटले आहे. ती इथून बसने दोन तासांवर राहते आणि शिलाई मशिनी दुरुस्त करते. तीही एकटीच आहे. आम्ही तेवीस वर्षांत एकमेकांशी बोललेलो नाही. तिची खबर मला शेजारच्या टेलरमास्तरांकडून कळते, कारण त्यांचे मशीन वर्षातून दोनदा तिच्याकडे जाते. पहिल्या खेपेला परत आल्यावर ते दारातूनच म्हणाले होते, "तुमची बहीण विचारत होती..." मी त्यांना तिथेच तोडले आणि सांगितले, की तिचा निरोप या वर्कशॉपात आणायचा नाही. मास्तर शब्दाचे पक्के. त्यानंतर ते फक्त "बरी आहे" एवढेच सांगतात आणि मीही "बरं" एवढेच म्हणतो.

कलम २. वर्कशॉप आणि मागच्या दोन्ही खोल्या धाकटीला. रस्त्याकडची खोली तिचीच होती. ती गेल्यावर महिन्याभरात मी तिथे गंजके सायलेन्सर छतापर्यंत रचले, म्हणजे मी तिची वाट पाहतोय असे कोणाला वाटायला नको. गेल्या आठवड्यात ती खोली रिकामी केली. तीन दिवस लागले आणि कंबर कामातून गेली. खिडकीची खालची कडी अडकते. आधी वर दाबून मग ओढावी. तिला हे माहीत आहे, पण विसरली असेल.

कलम ३. बँकेत जे काही असेल त्याचे दोन सारखे भाग करावेत. एक धाकटीला, दुसरा फोटोग्राफरला. फोटोग्राफर कोण आणि त्याला का, ते कलम ५ आणि ६ वाचल्यावर समजेल. पासबुक बटणांच्या डब्यात आहे.

कलम ४. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली आहे. फळीसकट सगळी हत्यारे धाकटीची. एक पुलर, म्हणजे दांड्यावरून चाक ओढून काढायचे हत्यार, फळीवर सापडणार नाही. तो टायरवाल्याकडे आहे. तो म्हणतो, परत दिला. दिलेला नाही. तरी तो पुलर मी त्यालाच देऊन टाकत आहे, कारण माणसांना खोटे ठरवण्याची सवय मला मरण्यापूर्वी सोडायची आहे. हे कलम मात्र त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ५. शेल्फवरचे इंजिन. परदेशी बनावटीचे, दोन सिलिंडरचे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, बाजूचे झाकण काढलेले. याविषयी जास्त लिहावे लागणार आहे. वकिलीणबाई म्हणाल्या, कलमे आटोपशीर ठेवा. त्यांची क्षमा मागून लिहितो.

वडिलांनी आमची कामे फार लवकर वाटून दिली होती. धाकटीचा कान तयार आणि बोटे बारीक, म्हणून इंजिनाचे आतले काम तिच्याकडे. चेसिस, ब्रेक, वायरिंग आणि गिऱ्हाइकांशी बोलणे माझ्याकडे. इंजिन ती बांधायची आणि शेवटचे झाकण मी, तेल गळू नये म्हणून पेस्ट लावून, बसवायचो. पहिल्या किकला गाडी सुरू झाली की गिऱ्हाईक माझा हात हातात घ्यायचे. ती मागे उभी राहून बोटे पुसत असायची. मला त्यात कधी काही चुकीचे वाटले नाही.

इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतून बाजूला झालेला असावा लागतो. दोघांचा हा मेळ दात्यांच्या चाकांनी राखलेला असतो, आणि चाकांवर कारखान्याने खुणा ठोकलेल्या असतात. जोडताना खुणेसमोर खूण आणायची, याला टायमिंग लावणे म्हणतात. एक दात चुकला तर गाडी कुंथते. जास्त चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. आमच्याकडे यायच्या त्या गाड्यांत अशी चाके दोनच असत, आणि इंजिन हाताने फिरवले की दर दुसऱ्या फेरीला खुणा पुन्हा समोरासमोर येत. मला तेवढेच ठाऊक होते आणि तेवढ्यावर मी स्वतःला शहाणा समजत होतो. या इंजिनात दोन चाकांच्या मध्ये तिसरे चाक आहे. असे इंजिन आमच्याकडे तेवढे एकच आले.

ते एका फोटोग्राफरच्या गाडीचे. गाडी त्याच्या वडिलांची, खोक्यात सुट्या भागांच्या रूपाने आली होती. धाकटीने दोन महिने खपून इंजिन बांधले. गाडी आठ दिवस सुरेख चालली. नवव्या दिवशी उतारावर इंजिन जागच्या जागी जाम झाले, मागचे चाक अडकले आणि फोटोग्राफरचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो अजून लंगडतो.

त्याचे दोघे भाऊ वर्कशॉपात आले. मी त्यांच्यासमोर झाकण उघडले. खुणा जुळत नव्हत्या. गार झाल्यावर इंजिन हाताने फिरण्याइतके सुटले होते. मी ते दोन फेरे फिरवले, जुळल्या नाहीत. आणखी दोन फिरवले, तरी नाहीत. धाकटी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अजून फिरव." मी म्हणालो, चार वेळा फिरवले. ती म्हणाली, "अजून फिरव, दादा." मी भावांकडे वळून सांगितले की टायमिंग चुकले आहे, व्हॉल्व्ह पिस्टनला अडला आहे आणि हे काम हिचे आहे. चुकीच्या टायमिंगवर गाडी आठ दिवस चाललीच कशी, हे मी स्वतःलासुद्धा विचारले नाही. मला एवढेच दिसत होते की ते दोघे रागावलेले आहेत आणि त्यांचा राग माझ्याकडून तिच्याकडे वळवता येतो आहे. ती तिसऱ्यांदा म्हणाली, "अजून फिरव."

मी म्हणालो, "खुणा खोटं बोलत नाहीत. तू बोलतेस."

तिने हातातला पाना फळीवर त्याच्या आकृतीत नीट अडकवला, हात धुतले आणि संध्याकाळच्या बसने गेली. आमच्या घरात एक गोष्ट कोणी चौथ्यांदा सांगत नाही.

फोटोग्राफरने गाडीकडे पुन्हा पाहिले नाही. इंजिन मी झाकणाशिवाय शेल्फवर ठेवले, गिऱ्हाईक आत आले की समोरच दिसेल असे. पेन्सिलीच्या टोकाने मी न जुळलेल्या खुणा दाखवत असे. बाईच्या हातचे इंजिन, अशी बोलवा गावभर झाली आणि ती कोणी पसरवली हे मला चांगले माहीत आहे. तिला पुन्हा कोणी इंजिनाला हात लावू दिला नाही. एकदा एका निवृत्त फोरमनने इंजिन निरखून मला विचारले होते, "पुरतं फिरवलं होतंत का?" मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि विषय बदलला. मला कधी शंका आलीच नाही, असे शपथेवर लिहिता येणार नाही.

गेल्या महिन्यात वकिलीणबाई म्हणाल्या, नुसते "एक जुने इंजिन" असे लिहून चालायचे नाही, नंबर आणि वर्णन घाला. म्हणून रविवारी सकाळी ते खाली काढले. नंबर पुसट झालेला. वर्णन म्हणून मी चाकांचे दात मोजायला घेतले, एका दाताला खडू लावून. खालच्या चाकाला पंचवीस. वरच्याला पन्नास. मधल्याला सत्तेचाळीस. पुन्हा मोजले, सत्तेचाळीसच. हा आकडा पंचविसाशीही जमत नाही आणि पन्नासाशीही. विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. अशा चाकांच्या खुणा एकदा सुटल्या की पुन्हा समोरासमोर यायला सत्तेचाळीसच्या दुप्पट, म्हणजे इंजिनाचे चौऱ्याण्णव फेरे लागतात.

चार दिवस सिलिंडरमध्ये तेल मुरवले. मग दोन डबे घेतले, एक वॉशरांनी भरलेला, एक रिकामा. एक फेरा झाला की एक वॉशर या डब्यातून त्या डब्यात. इंजिन जड फिरत होते, मध्ये दोनदा थांबून दम खाल्ला. त्र्याहत्तराव्या वॉशरला सगळ्या खुणा समोरासमोर आल्या. एका केसाचाही फरक नव्हता. टायमिंग चुकलेले असते तर त्या कितीही फिरवून जुळल्या नसत्या. त्या दिवशी मी चौथ्या फेऱ्यावर थांबलो होतो. चौऱ्याण्णवांतले सतरा गाडी जाम होण्याआधीच झालेले, चार मी फिरवलेले, त्र्याहत्तर उरले होते.

मग ते झाकण शोधून आणले, जे मी लावलेले असल्यामुळे मी कधीच तपासले नव्हते. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याला, तेल पोचवणारे भोक त्या झाकणातच असते. ते भोक पेस्टने बुजलेले होते. पेस्ट वाळून दगड झाली होती. ती मी लावलेली, नेहमीसारखी सढळ हाताने. तेल पोचले नाही, म्हणून इंजिन जाम झाले.

मी जमिनीवर बसलो आणि रडलो. बराच वेळ रडलो. पाहणारे कोणी नव्हते आणि त्याचेच जास्त वाईट वाटले.

तेव्हापासून इंजिन फिरवलेले नाही. चाकांमध्ये लाकडी पाचर ठोकून खुणा जुळलेल्या ठेवल्या आहेत. हे इंजिन, झाकण आणि त्र्याहत्तर वॉशरांचा डबा माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांत टेलरमास्तरांनी धाकटीला नेऊन द्यावा. वाटेत कोणीही पाचर काढू नये. काढायची तर तिने काढावी.

कलम ६. फोटोग्राफरला या कागदाची नक्कल द्यावी. त्याचा पाय माझ्या पेस्टमुळे मोडला, धाकटीच्या टायमिंगमुळे नाही. पैसे पायाची भरपाई म्हणून नाहीत. तेवढे माझ्याकडे नाहीत.

कलम ७. वर्कशॉपच्या दारावर महिनाभर पाटी लावावी, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत: "धाकटीने लावलेले टायमिंग बरोबर होते. झाकण मी लावले होते." रंगाचा डबा पायरीखाली आहे.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकिलीणबाईंकडे. त्यांची मोटारसायकल कधी नव्हती, म्हणून त्यांच्याशी माझे कधी भांडण झाले नाही.

कलम ९. हे कलम आज साक्षीदारांसमोर वाढवले आहे. वरचा सगळा मजकूर मी दोघांना वाचून दाखवला. समोरच्या जिन्यावरचे कंपाउंडर चष्मा पुसत राहिले. मास्तरांनी सहीसाठी घेतलेले पेन खाली ठेवले आणि मला विचारले की आता तरी तोंड उघडू का. मी हो म्हणालो.

ते म्हणाले, "ती दर खेपेला एकच विचारते. दादाने इंजिन फिरवलं का? मी सांगतो, नाही हो, तसंच शेल्फवर आहे. मग ती बरं म्हणते आणि मशीन उघडायला घेते."

मी विचारले, दर खेपेला? ते म्हणाले, एकही खेप चुकली नाही. वर्षातून दोनदा, तेवीस वर्षे. म्हणजे शेचाळीस वेळा.

आमच्या घरात एक गोष्ट कोणी चौथ्यांदा सांगत नाही, असे मी कलम ५ मध्ये लिहिले आहे. ते वाक्य रद्द समजावे.

सोमवारी मास्तरांचे मशीन तिच्याकडे जायचे आहे. या वेळी ते मी घेऊन जातो, असे मी त्यांना सांगितले. मशीनला काय झाले आहे म्हणून सांगू, असे विचारले. मास्तर म्हणाले, काही झालेले नाही, मागच्या बऱ्याच खेपांनाही काही झालेले नव्हते. सकाळी दहापर्यंत माझे हात थरथरतात, म्हणून अकराची बस धरीन. बसस्टँडवर माझा धीर सुटला आणि मी परत फिरलो, तर कलम ५ आहे तसे लागू राहील, म्हणजे इंजिन माझ्यामागे मास्तरच नेतील. मास्तरांनी तेवढ्यावर सही केली.

वरील मजकूर मी वाचला, वाचून दाखवला आणि तो मला मान्य आहे.

लिहून ठेवणार : (सही) थोरला मिस्त्री

साक्षीदार, दोघेही या कागदाने काही न मिळणारे :
१. (सही) टेलरमास्तर, शेजारचे दुकान
२. (सही) कंपाउंडर, निवृत्त, समोरचा जिना

स्थळ : वर्कशॉप, शेल्फसमोरचे टेबल
दिनांक : आठ नोव्हेंबर, शनिवार, दुपारचे बारा