दोन-दहाच्या बांगड्या

शुक्रवार, दिवेलागन

सोसायटीच्या दिवाळी अंकाला मी प्रेमाची गोष्ट दिली. बासष्ट वर्षांची जाडी विधवा, मासे विकनारी. शेजारचा म्हातारा तिला न विचारता दोन-दहाच्या मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या आनतो, नि त्या बरोबर बसतात. किती दिवस हात बघत असेल मेला!

आज अंकवाली शिल्पा चार बायकांसमोर सांगते, "काकू, बाई मी चाळिशीची, बारीक केली. बांगड्या दोन-चारच्या. गोड वाटतं ना."

मी म्हनलं, "दोन-चारची तुज्या तरी हातात जाईल का ग?" बाकीच्या बायका फिसकन हसल्या. तिचं तोंड पडलं. जास्त बोलले का? नाय.

"बदल नको, तर मग छापता येणार नाही."

"नको छापू. दे परत."

घेऊन आले, पन मन लागेना. बारीक केल्याशिवाय आमच्यावर कोन प्रेमच करनार नाय? हे गेले तेव्हा गावातल्या बायांनी माज्या हातातल्या बांगड्या फोडल्या, त्या दोन-दहाच्याच होत्या. मोठ्या प्रेमाने आनलेल्या ह्यांनी.

येताना कासारनीकडे गेले. "मावशी, सुनेला का?"

"नाय ग, मला. हिरव्या."

लिवताना वाजतायत. उद्या भजनाला सगळ्या जमतील, शिल्पा पन. गोष्ट मीच वाचनार, हात हलवून हलवून.