डावाच शॉकअप का?

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच उंटिणीच्या पोटाखाली शिरले. उंटीण म्हणजे बाबांची पिकअप. वरच्या वाडीच्या रस्त्याला पोट घासायचं, म्हणून कर्जतला चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून ती उंच करून घेतली, तेव्हा गावाने हे नाव ठेवलं. ओढ्याच्या पलीकडे जाणारी ती एकटीच. बाकीचे टेंपो ओढ्याशी माणसं उतरवतात आणि माघारी फिरतात.

तर – पुढचा डावा शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के गिळणारं नळकांडं, गेलाय. तेल गळून, वर धूळ बसून बेसनात घोळल्यासारखा दिसतोय. उजवा मात्र कोरडा, ठणठणीत! दोन्ही होळीच्या आधी एकाच दुकानातून आणलेले. त्याच्या आदल्या खेपेलाही डावाच गेला होता. का?

कुंभिवलीच्या कंपनीत माझं कामच ते. एखादा पार्ट खराब निघाला की नुसता बदलून भागत नाही, का खराब झाला ते शोधून द्यावं लागतं. ती सवय घरीही सुटत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, रस्ताच तसा हाय. अहो, पण उजवं चाक काय दुसऱ्या रस्त्याने जातं का!

मागच्या आठवड्यात मागे बसलेल्या एका बाईचं डोकं छपराच्या पाइपावर आपटलं. वाडीत कुरकुर सुरू झालीय. पण उंटीण थांबली तर त्यांना बाजार डोक्यावरून वाहावा लागेल. आणि बाबांना घरात बसावं लागेल. घरात बसलेले बाबा मला डोळ्यासमोर आणताच येत नाहीत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कामावरून येताना गजाच्या गॅरेजवर थांबले. गजा माझा मावसभाऊ. त्याचं निदान असं – गाडी उंच केली आणि शॉकअप जुन्या मापाचे ठेवले, तर ते ताणून ताणून मरतात. पटलं! पळत घरी आले, टेप लावला. दोन्ही लांब मापाचेच निघाले. आणि आखूड असते तर दोन्ही मेले असते ना! माझंही डोकं कधीकधी उशिरा चालतं.

गजाचा दुसरा संशय ठमीमावशीवर. ती वाडीतून रोज भाजी घेऊन उतरते. पुढची डावीकडची सीट तिचीच, ठरलेली. तिच्या वजनाने म्हणे! ठमीमावशी नखशिखांत भिजली तरी तांदळाच्या गोणीएवढी भरायची नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांना सांगितलं, रविवारी अंगणात मीच बदलते. लगेच कबूल! गजाकडे गाडी सोडायला मात्र तयार नाहीत. हल्ली स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नाही त्यांना. माझ्याकडे लायसन्स आहे, तरी नाही. आई म्हणाली, आमच्या भाग्यश्रीला लग्न सोडून सगळं जमतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

बदलले! दोन्ही! हाताचा वास जात नाहीये आणि मला तो आवडतोय.

जॅक उंटिणीला पुरेना. फणसाचा जाड ओंडका खाली घातला तेव्हा कुठे चाक जमिनीवरून सुटलं. नटांवर कालच डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी डाव्याचा खालचा नट हलेना. मग पान्याला नळाचा पाइप लावला आणि बाबा त्याच्यावर उभे राहिले. कर्रर्र करून सुटला. उतरताना बाबांच्या पायाने नटांची वाटी लवंडली, नट अंगणभर. वाटेत कशाला ठेवलीस म्हणून वर मलाच ओरडले.

नवा शॉकअप पट्टीने आवळून येतो. पट्टी कापली की आपोआप वाढत जातो, हळूहळू, आळस देत उठल्यासारखा. मी पुन्हा पुन्हा दाबून बघितला. आई म्हणे, खेळणं हाय का ते? जुना डावा दाबला तर दाबलेलाच राहिला, बिचारा. जुना उजवा अजून जिवंत आहे. पण जोडीनेच बदलायचे असतात, म्हणून त्यालाही रजा दिली. नट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळून राहतं. गजाने फोनवर बजावलं म्हणून बरं.

आणि एक गोष्ट सापडली! पाटा फार वर उसळला तर गाडीवर आदळू नये म्हणून मध्ये रबरी ठोकळा असतो. डावीकडचा ठेचून पार चपटा झालाय. उजवीकडच्यावर जुनी धूळ तशीच. म्हणजे शॉकअपमध्ये खोट नव्हती. डावं चाकच मार खातंय. गाडी एक, रस्ता एक, ड्रायव्हर एक – आणि मार फक्त डाव्याला!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

उंटीण आता झुलत चालते. बाबा खूश, शीळ घालत घरी आले.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचा बाजार, म्हणून गर्दी. सुट्टी होती, बाबांबरोबर मीही गेले. कामाचं सोंग केलं, खरं म्हणजे मला चाक बघायचं होतं.

सकाळी वर जाताना मी पुढे बसले. ओढ्यानंतर समोर मोठा दगड. पावसाने वरून आणून टाकलेला. वाटलं, आता चुकवतील. धाड! डावं चाक सरळ त्याच्यावर. पुढे अजून एक, तोही तसाच. मी म्हटलं, बाबा, दगड होता. म्हणाले, रिकामी गाडी उडते.

वाडीत झेंडूच्या टोपल्या चढल्या, माणसं चढली. ठमीमावशी तिच्या सीटवर, मी मागे टोपल्यांत. आणि काय सांगू – लोण्यातून सुरी! एक दगड लागला नाही. गाडी भरली की शांत चालते, बाबांचं खरं, असं मीही मानून टाकलं.

पण दुपारी परत जातानाही गाडी भरलेलीच होती. तेल, पोहे, रवा, फटाके, माणसं. ठमीमावशीची फुलं खपायची होती, ती बाजारात राहिली. पुढच्या सीटवर एक म्हातारबुवा बसले आणि बसल्या बसल्या झोपले. मी मागेच. धाड, धाड – परत डावीकडेच!

म्हणजे वजनाचा काही संबंध नाही. दोन खेपांत बदललं काय? फक्त ठमीमावशी. हे कसलं कोडं! उद्या तिलाच गाठते.

२० ऑक्टोबर, सोमवार

ठमीमावशीला बाजारात गाठून विचारलं, तू पुढे असलीस की दगड का लागत नाही? ती फुलं निवडत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला डाव्या अंगाचं दिसत नाय गं. दोन पावसाळं झालं. मी सांगते दगड आला, तवा तो वळवतो. जुनं दगड त्याला पाठ हायत, नवं मी बघते. तुला सांगितलं असतं तर गाडी बंद केली असती तुमी. मंग आमी काय करायचं?"

एवढ्या माणसांना घेऊन रोज त्या घाटाने... आणि मी नवे शॉकअप घालून मिरवत होते!

घरी आले. बाबा ओटीवर बसले होते, बाहेर फटाके वाजत होते. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला गेले आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ उभी राहिले.

बाबांनी आत आईला हाक मारली, "अगं, भाग्यश्री अजून कशी आली नाय?"