माझ्या नावावरची बाई

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू मला मध्येच गप्प केलंस, म्हणून हा कागदाचा उद्योग. कंपनीचं काही फोनवर नको, मेलवर तर नकोच, म्हणालास. बरं बाबा. दिवसभर मेणाचे दात कोरून बोटं आखडतात, तरी लिहिते.

घरमालकांना खोली मुलासाठी हवी आहे, हे तुला ठाऊक आहेच. हे गेल्यापासून माझंही मन तिथे रमत नाही. म्हटलं, उरलेले दिवस तरी स्वतःच्या छपराखाली काढावेत. दातांच्या लॅबच्या मालकांनी पगाराचा दाखला दिला आणि रविवारी मी तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर गृहकर्जाचा अर्ज भरायला बसले. ओळखपत्राचा नंबर टाकला, तर पडद्यावर आलं की आपण आमच्या ग्राहक आहातच, कृपया लॉगिन करा.

यंत्राला वेड लागलं म्हटलं आणि सोमवारी शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, की मॅडम, तुमचं घर केव्हाचं आमच्याकडे आहे, एक हप्ता चुकलेला नाही, असे ग्राहक शोधून सापडत नाहीत. मी म्हटलं, बाई गं, माझ्या नावावर एक शिलाई मशीन सोडलं तर काही नाही. तशी तिचं हसू मावळलं. पडदा तिनं माझ्याकडून वळवून घेतला आणि याहून जास्त सांगता येणार नाही म्हणाली.

नावाचा घोळ असेल. पण जन्मतारीख, आईचं नाव, सगळंच जुळतं म्हणे. तू तिथेच तर बसतोस. एकदा डोकावून बघ ना, कोण आहे ती.

भावजयीला सांग, तिच्या दाढेचं टोपण तयार आहे, पण चॉकलेटं सोडल्याशिवाय मिळणार नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हसत हसत लिहिलं आहेस, मला मात्र वाचताना हसू आलं नाही.

मी डोकावून बघणार नाही. रागावू नकोस, आधी ऐक. आमच्याकडे ग्राहकाचं खातं म्हणजे कुलूपबंद खोली, आणि माझं काम त्या कुलपांचंच. कामासाठी आत जाणाऱ्यालाही नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात, बाकी फुल्या. दार कोणी उघडलं, कशासाठी उघडलं, याची नोंद आपोआप होते आणि ती पुसायची सोय थेट मोठ्या साहेबांनाही नाही. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सासूबाईंचं खातं उघडलं. बिचाऱ्यांना फक्त हप्ता भरला गेला का ते बघायचं होतं. दुपारी त्यांचं टेबल रिकामं होतं. मायेनं डोकावणारा आणि चोरीसाठी डोकावणारा, यांतला फरक यंत्राला कळत नाही. कळू नये असंच आम्ही त्याला शिकवलं आहे.

मी एवढंच केलं, की साहेबांना लेखी कळवलं: ही माझी बहीण, या प्रकरणापासून मला लांब ठेवा. त्यांनी ते एका तपासणी अधिकारी बाईंकडे दिलं आहे. त्या तुला फोन करतील. तू तुझा क्रेडिट अहवाल मागव, तो तुझा हक्क आहे. कुठली लिंक आली तर उघडू नकोस, फोनवर आलेला कोड कोणाला सांगू नकोस, मी मागितला तरी.

एक विचारतो. भाऊजी असताना तुम्ही आमच्याकडे कधी अर्ज केला होता का? मी तेव्हा इथे नोकरीला नव्हतो.

माया आहे तशीच असू दे.
तुझा,
बारक्या

२६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

माया आहे. राग त्याहून जास्त आहे. सख्खा भाऊ किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून बसलाय आणि बहीण दाराबाहेर!

हो, केला होता अर्ज. यांच्या आजारपणाच्या आधी, घर बघून ठेवलं होतं तेव्हा. कागद दिले, वेबसाइटवर खातं उघडलं, आणि महिन्याभरात यांचे रिपोर्ट आले. अर्ज मागे घेतला. घराचं नावही पुन्हा काढलं नाही आम्ही.

तुझ्या अधिकारी बाईंचा फोन आला. ओळख पटवायला प्रश्न विचारले. लहानपणीची मैत्रीण कोण, पहिल्या घराच्या दाराचा रंग कुठला. म्हटलं, हे तर मला झोपेतही सांगता येईल. सांगितलं. दोन्ही उत्तरं चुकली! मग आठवलं, की तेव्हा अर्जाच्या कागदावर यांनी गंमत म्हणून भलतीच उत्तरं लिहायला लावली होती, कोणाला ओळखता येऊ नयेत म्हणून. काय लिहिलं होतं ते आता यांनाच ठाऊक. बाई म्हणाल्या, माफ करा, ग्राहकाच्या सुरक्षेसाठी याहून पुढे बोलता येणार नाही. त्यांचा आवाज उतरला आणि त्यांनी आणखी एक सांगितलं. ग्राहक बाईंचीही तक्रार आली आहे, की कोणी एक बाई त्यांचं नाव सांगत फिरते आहे. ती फिरणारी बाई म्हणजे मी. त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली होती.

अहवाल आला. त्यावर पत्ता होता. काल गेले.

बारक्या, ते तेच घर आहे. आम्ही बघून ठेवलेलं. दुसरा मजला, पूर्वेची खिडकी. पाटीवर माझं नाव, खाली यांचं. दाराला कुलूप. समोरच्या बाईंनी कोण हवंय विचारलं, तर मला माझंच नाव सांगावं लागलं. त्या कामावर गेल्यात म्हणाल्या, आणि मला न्याहाळून, बहीण का तुम्ही त्यांची. मी मान हलवली. मग त्याच सांगायला लागल्या. किती सज्जन बाई, नवरा फिरतीच्या नोकरीवर असायचा, कधी नीटसा दिसला नाही, पण त्याच्या मोठ्या चपला कायम दाराशी. गेला तेव्हा हिनं त्या चपला धुऊन आत नेल्या आणि आठवडाभर दार उघडलं नाही.

केव्हा गेला ते मी विचारलं. त्यांनी जी तारीख सांगितली, ती यांची आहे.

जिना कसा उतरले आठवत नाही. तू काही कर. खातं उघडू नकोस हवं तर, पण भाऊ म्हणून काही कर.

ताई

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू एकटी तिथे जायला नको होतंस. पण गेलीस ते आमच्या बाईंना कळवलं, आणि भाऊजींच्या मृत्यूचा दाखला, तुमच्या लग्नाचे फोटो, लॅबचं पत्र, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. मी कर्मचारी म्हणून नाही, कोणाही माणसासारखा रांगेत उभा राहून जबाब दिला.

त्यांनी त्या ग्राहक बाईंना कागदांवर सही करायच्या निमित्तानं बोलावलं. मला शेजारच्या खोलीत बसवलं. ओळख पटवायचं ते काचेपलीकडून, समोर यायचं नाही, असं बजावलं होतं. बाई आल्या. चेहरा तुझा नाही. अंगानं बारीक, वयानं तुझ्याएवढ्या. मी निश्वास सोडला. पाणी प्यायला म्हणून दार उघडून बाहेर आलो, आणि नेमक्या त्याच वेळी त्या वळल्या. मला पाहिलं आणि मायेनं, थोड्या रागानं, हाक मारली. बारक्या, किती वाळलास रे.

ताई, मी ओ दिली.

विचार करायच्या आधी तोंडातून गेली. तुझ्यासाठी जी देतो तीच. तिथे चार माणसं होती आणि सगळ्यांनी ती ऐकली. आमच्या अधिकारी बाईंनी माझा जबाब बाजूला ठेवला. मी कितीही सांगितलं तरी माझ्या डोळ्यांत बघून त्या म्हणाल्या, की शेवटी बोटांचे ठसे काय ते सांगतील.

ठसे सोमवारी घेणार आहेत, तुझेही. ये. माझ्यावरचा राग बरोबर घेऊन आलीस तरी चालेल.

तुझा,
बारक्या

१४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू स्टेशनवर सोडायला आलास आणि गाडी लगेच सुटली. म्हणून आता लिहिते.

तिचे ठसे ओळखपत्राशी जुळले नाहीत म्हटल्यावर पोलीस येईपर्यंत तुझ्या बाईंनी आम्हाला काही वेळ समोरासमोर बसू दिलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. ती खुर्ची सावरून बसली आणि मला म्हणाली, की तुम्ही दमलेल्या दिसता. जसं मी तिच्याकडे पाहुणी आलेय.

ती हसली तेव्हा माझी नजर तिच्या दातांवर गेली. माझ्या पुढच्या दाताचा टवका आहे ना, तुझ्या चेंडूनं उडालेला, ओळखपत्राच्या फोटोतही दिसतो. तसाच टवका तिला. पण पडून तुटलेल्या दाताची कड वेडीवाकडी असते. तिची कड सरळ होती. तो दात घासून घेतलेला होता, बारक्या. धडधाकट दात.

मी विचारलं, की मीच का. ती शांतपणे म्हणाली, की कागद स्कॅन करायच्या जागी ती कामाला होती. दिवसभर लोकांची घरं हातातून जायची. तिला ना माणूस, ना घर, कंत्राटदाराच्या गोदामात निजायची. आमच्या अर्जात घर कशासाठी हवं या रकान्यात यांनी लांबलचक लिहिलं होतं. सकाळी उन्हात बसून ही शिवणकाम करील, मी तिच्याशी बोलत बसेन. संदर्भ म्हणून तुझं नाव, पुढे कंसात बारक्या, सोबत तुझ्या ओळखपत्राची फोटोप्रत. नंतर अर्ज मागे घेतल्याचा कागदही तिच्याच हातात आला. ती म्हणाली, तुम्ही टाकून दिलंत. मी फक्त उचललं.

यांच्या जाण्याची बातमी तिनं पेपरात वाचली. आठवडाभर रडले, म्हणाली. मला तर, खरं सांगते, तेव्हा रडूसुद्धा आलं नव्हतं. दवाखान्यानं सगळं सुकवून टाकलं होतं.

पोलिसांनी तिला खरं नाव विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मीच सांगावं तशी.

तुझी ओ मी केव्हाच माफ केली. जेवत जा वेळेवर.
ताई

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खटला उभा राहिला आहे. तिनं अजून नाव सांगितलेलं नाही. कागदोपत्री तिला अनोळखी स्त्री असंच म्हणतात.

आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या आहेत. ऑनलाइन दारांना सात कुलपं लावली, आणि कागद मात्र कंत्राटदाराच्या टेबलावर उघडे पडलेले. मागे घेतलेला अर्जही कोणी पुसत नव्हतं, कधी लागेल सांगता येत नाही म्हणून. आता स्कॅनिंग आमच्याच इमारतीत होतं, आत जाताना फोन काढून घेतात, आणि अर्ज मागे घेतला की कागद नष्ट होतात. तुझा जुना अर्ज पुसला तेव्हा मला साक्षीला बसवलं. तुझं नाव टाकून शोधलं, तर पडद्यावर आलं की अशी व्यक्ती आढळली नाही. हेच हवं होतं, तरी मी नाव पुन्हा एकदा टाकायला लावलं.

ते घर कंपनी विकायला काढते आहे. तू विकत घ्यायचं म्हणतेस, असं तुझ्या भावजयीकडून कळलं. तुझा हक्क आहे, रीतसर अर्ज कर, माझी हरकत चालणार नाही. पण ताई, घरं दुसरीही आहेत.

नमस्कार पोचावा, आणि विनंतीही.
तुझा,
बारक्या

१९ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझी विनंती पोचली होती. मी ऐकलं नाही, कारण ते घर आम्ही दोघांनी निवडलं होतं, आणि ते आणखी कोणी तिसऱ्यानं घ्यावं हे मला सोसेना.

राहायला येऊन महिना झाला. तिनं घर लख्ख ठेवलं होतं. मशीन पूर्वेच्या खिडकीशी मांडलं. समोरच्या बाई सगळं समजल्यापासून जरा जपूनच बोलतात, त्यांचंही बरोबर आहे.

वरच्या मजल्यावर एक म्हातारे घड्याळजी आहेत. नजर गेलीय. खटलाबिटला त्यांच्या डोक्यात शिरत नाही, दुपारी भिंत चाचपत खाली येतात आणि माझ्याशी गप्पा मारतात. त्यांना यांची आठवण येते. तुमचा नवरा गेल्यापासून जिना सुना झाला म्हणतात. गुणगुणत चढायचा. पहिल्या दिवशी मी समजावलं, की आजोबा, या घरात कोणी पुरुष राहत नव्हता. ते हसले. म्हणाले, डोळे गेलेल्याला पाऊल कळतं, मुली.

हे कधी गायल्याचं मला आठवत नाही. मी तसं सांगितलं. तेही पुन्हा हसण्यावारी गेलं. मग मी वाद घालायचं सोडलं. ऐकायला बरं वाटतं रे. त्यांच्या गोष्टींत हे धडधाकट आहेत. दोन दोन पायऱ्या चढतात.

काल आजोबांनी ते गाणं गुणगुणून दाखवलं आणि मध्येच अडले. पुढची ओळ विसरलो म्हणाले, आणि मला विचारलं. मी हातातलं शिवण न थांबवता ती सांगितली. आजोबांनी मान डोलावली आणि पुढे गायला लागले.

तुला काळजी वाटेल, पण वाटू देऊ नकोस. मला इथे झोप छान लागते. सुट्टी मिळाली की दोघं या, जागा पुष्कळ आहे, आणि आम्हाला फार बरं वाटेल.

तुमची,
ताई