उरलेली दोन वर्षं

बुधवार, १४ ऑगस्ट

माझ्या हातानं झालेल्या वस्तू, आठवतील तशा –

स्वयंपाकघरातली सगळी कपाटं. चेरीचं लाकूड, एकही खिळा नाही. तळघराचा जिना. सीडारची होडी, नऊ उन्हाळे ईरी सरोवरात उतरवतोय, आत थेंब नाही. माझ्या बायकोच्या, रोंडाच्या आईची शवपेटी – म्हातारीनं स्वतः सांगून करून घेतली, आणि झाकणावर बोट फिरवून "कडा अजून जरा घास" असंही म्हणाली. नोकरीवर, म्हणजे लोखंड ओतायच्या फाउंड्रीत, पंपांच्या कवचांचे लाकडी पॅटर्न – साचे उठवायचे नमुने. मोजणं कधीच सोडलं. कॉम्प्रेसरच्या मोठ्या चाकांचे पॅटर्न, बाकदार आऱ्यांचे – ते बघायला इतर खात्यांतले लोक येतात. एक गिटार. ती फसली. दिसते सुरेख, वाजत नाही.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. लायब्ररीतली पुस्तकं, शॉपच्या भिंतीवर टांगलेले जुने पॅटर्न आणि वाया घालवलेलं लाकूड – एवढीच माझी शाळा.

आज हे मांडून बसलोय कारण हजेरीच्या मशीनशेजारी नोटीस लागली. नव्या मालकांचा नियम: यापुढे कुठल्याही खात्याचा प्रमुख व्हायला चार वर्षांची पदवी हवी. आमच्या पॅटर्न शॉपचा प्रमुख व्हर्न, तो अजून चारेक वर्षांनी जाणार. त्याच्यामागे मी, लेन सोबझॅक, हे शॉपमध्ये झाडू मारणाराही सांगेल. नोटीस वाचून व्हर्न म्हणाला, "तुझ्याकडे आहे ना रे काहीतरी कागद?"

आहे. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी. कामावरून सुटल्यावर जाऊन जाऊन पाच वर्षांत घेतली. अक्रोडाच्या चौकटीत लावलीय, चौकट मी केलेली. खरं सांगायचं तर कागदापेक्षा चौकट सरस आहे.

अर्धी डिग्री. चौपन्नाव्या वर्षी.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

क्लबात मासे खायला गेलो – रोंडा, मी आणि तिचा भाऊ डुएन. रोंडानं नोटिशीचं सांगून टाकलं. डुएनला आयतंच मिळालं.

"वाळूत ठसा उठवायचे ठोकळे करतोस तू. त्या ठशात लोखंड ओततात. आता लोखंड काय डिग्री विचारून आत शिरतं?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"मग जा बाबा. रोंडा, याच्या डब्यात एक सफरचंद जास्त घाल गं – वर्गातल्या बाईंना द्यायला."

रोंडा हसली नाही. ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर उभी असते, गुडघे गेलेत. आमचं ठरलंय – मी प्रमुख झालो की तिनं काम सोडायचं. येताना गाडीत एवढंच म्हणाली, "अजून किती वर्षं लागतील, तेवढं विचारून ये."

बुधवार, २१ ऑगस्ट

आधी हायवेवर ज्यांची पाटी आहे त्या कॉलेजात गेलो. कॉफी दिली, पेन दिलं. "तुमच्यासारख्याच माणसांची आम्ही वाट बघतोय!" म्हणाला तो टायवाला. मग हिशेब काढला. माझ्या दोन वर्षांतला निम्म्याहून कमी अभ्यास धरणार, बाकीचा पुन्हा करायचा. एकूण एक्केचाळीस हजार डॉलर. पेन तिथेच ठेवून आलो.

तिथून आपल्या जुन्या कम्युनिटी कॉलेजात. सल्ल्याच्या टेबलाशी यारित्झा नावाची मुलगी, असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिनं माझा कागद बघितला आणि हळूच म्हणाली, "मिस्टर सोबझॅक, तुम्ही कामाची पदवी घेतलीत. पुढे शिकणाऱ्यांची वेगळी असते."

मला आठवलं. नाव घालताना दोन चौकोन होते. एकात इंग्रजी, इतिहास, तत्त्वज्ञान. दुसऱ्यात नुसतं वर्कशॉप. मी दुसऱ्यावर खूण केली. "मेलेल्या माणसांचे विचार वाचून मला काय करायचंय?" – असंही म्हणालो होतो, ह्याच टेबलाशी, मोठ्यानं.

"कारखान्यातून येणारे सगळे तिथेच खूण करतात," ती म्हणाली. "आणि मग पाटी बघून तिकडे फोन करतात. आधी इथे यायचं असतं."

तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आमच्या राज्याचंच एक विद्यापीठ ही कामाची पदवी अख्खी धरतं, काही कापत नाही. उरलेल्या दोन वर्षांचे वर्गसुद्धा ह्याच इमारतीत भरतात, संध्याकाळी. सगळं मिळून सोळा हजार. मार्क बरे पडले तर निम्मे कंपनी परत देते. फक्त नोकरी सांभाळून करायचं म्हणजे दोनाची चार वर्षं होतात.

व्हर्न जायला चार. बसतं. घट्ट बसतं, पण बसतं.

गुरुवार, २२ ऑगस्ट

फॉर्म भरला. रोंडा म्हणाली, "चार तर चार. गुडघ्यांना सांगून ठेवते."

मंगळवार, ३ सप्टेंबर

पहिला वर्ग. विषय धातू. शिकवायला डॉक्टर सेल्मा हाजिच, तिशी नुकतीच ओलांडलेली. आईवडील बोस्नियातून आलेले, वडील इथेच सिटी बस चालवतात. माझ्या शेजारी एक वेल्डर बसतो, तो बूट काढून बसतो.

पहिलाच धडा – गार होताना धातू आकसतो. मला हसू आलं. याच्यावरच तर जगतोय! आमची फूटपट्टीसुद्धा मुळात खोटी असते, फुटामागे इंचाचा आठवा भाग लांब. म्हणजे लोखंड आकसल्यावर माप बरोब्बर येतं. हे मी उभं राहून सांगितलं. सगळे वळून बघायला लागले. बरं वाटलं.

"छान," त्या म्हणाल्या. "का?"

"काय का?"

"का आकसतो?"

"लोखंड आहे म्हणून."

वेल्डर खोकल्यासारखं हसला.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पहिल्या परीक्षेत शंभरात चव्वेचाळीस. मला. पाच गणितं, त्यातली चार उत्तरं अचूक!

वर्ग सुटल्यावर कागद घेऊन गेलो. म्हटलं, "बाई, ही चार बरोबर आहेत."

"आहेत. पण कशी काढलीत?"

"बघून."

"उत्तर तुमचं तुमच्यापाशी. मला वाट हवी. आता हे पाचवं बघा – जाडी दुप्पट केली तर गार व्हायला वेळ किती? तुम्ही लिहिलंत, दुप्पट."

"बरोबरच आहे."

"चौपट. आणि वाटच लिहिलेली नाही, तर चुकलात कुठे हे मी कशी सांगणार? तुम्हाला तरी कसं कळणार?"

आवाज चढवला नाही की काही नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आज जाणार नव्हतो. बूटही काढून ठेवले होते. रोंडाला परीक्षेचं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल.

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "ही कपाटं कशी केलीस, असं मी विचारायचे, तेव्हा तू म्हणायचास – बघून. सांधे कसे बसवलेस? बघून. एकतीस वर्षं. मला वाटायचं, तुला सांगायचं नाहीये. तुला माहीतच नव्हतं होय?"

बूट घातले. उशिरा पोचलो. मागच्या बाकावर बसलो.

रविवार, ६ ऑक्टोबर

एका गणिताला चार पानं लागली. उत्तर तरीही चुकलं. पण कुठे चुकलं ते दिसलं – दुसऱ्या पानावर. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. लाकूड चुकलं की मी ते फेकून देतो आणि नवं घेतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बाईंनी फळ्यावर चाक काढलं. मध्ये जाड तुंबा, बारीक आरे, बाहेर पातळ कडं. विचारलं, ओतल्यावर आधी काय गार होईल? कडं आणि आरे, हे वेल्डरनं सांगितलं. तुंबा सगळ्यांत शेवटी, कारण जाडी तिथं. मग त्या म्हणाल्या, "आता तुंबा आकसतोय. पण आरे तर केव्हाच घट्ट झालेत. तो त्यांना आत ओढणार. सरळ आरे असतील तर काय होईल?"

तडकतील.

"मग काय करायचं?"

बाक द्यायचा. आऱ्याला बाक असेल तर तो ताणला जाईल, जरा सरळ होईल, पण तुटणार नाही. मी म्हणालो, पण इतक्या हळू की त्यांनी पुन्हा विचारलं.

मी आजवर किती बाकदार आरे केले! बाक केसभर हलू दिला नाही. भिंतीवरच्या जुन्या पॅटर्नवरून उतरवला आणि नंतर हातात बसला. आणि माझी समजूत काय, तर पूर्वीच्या लोकांना शोभेची हौस होती.

वर्ग सुटल्यावर ट्रकमध्ये बसून राहिलो. काच धुक्यानं भरली. तिच्यावर बोटानं चाक काढलं, पुसलं, परत काढलं. वाईट वाटत होतं की छान, ते अजून ठरत नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

व्हर्नला जेवणाच्या सुट्टीत आऱ्यांचं सांगितलं. सँडविचच्या कागदावर काढून दाखवलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"चाक फिरतं ना?" म्हणाला.

"फिरतं."

"मग पूर्वीही फिरतच होतं."

तो खातच राहिला. मी उठून भिंतीवरच्या त्या जुन्या पॅटर्नपाशी गेलो. ज्यानं हा पहिला केला त्याला का ते माहीत होतं. म्हणजे मला शिकवणारा कुणीतरी होता, आणि मी 'कुणी शिकवलं नाही' म्हणत छाती काढून हिंडत होतो. त्यानं नुसतं 'कसं' ठेवलं आमच्यासाठी. 'का' स्वतःबरोबर घेऊन गेला. त्याचं नाव विचारलं, व्हर्नलाही ठाऊक नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

बी प्लस. कंपनी निम्मी फी परत देणार. डुएनचा फोन – "बी? सफरचंद किडकं निघालं वाटतं!" पण फोन ठेवता ठेवता विचारलंन, "अवघड असतं का रे, खरं?" म्हटलं, असतं.

सोमवार, ६ जानेवारी

पुढच्या सत्राला तत्त्वज्ञान. सक्तीचं आहे, सुटका नाही. मेलेल्या माणसांचे विचार! यारित्झा यादी देताना माझ्याकडे न बघता हसली. त्या टेबलाशी मी काय म्हणालो होतो, ते तिला कळलं असणं शक्य नाही. तरी हसली.

मंगळवार-गुरुवार संध्याकाळी. अजून साडेतीन वर्षं. व्हर्नशी बरोबर जुळतंय. रोंडानं कॅन्टीनमध्ये उंच स्टूल मागितलं होतं. देत नाहीत म्हणाले. मध्ये येतं म्हणे.

मंगळवार, १४ जानेवारी

आजचा प्रश्न: हाताला जे कळतं ते ज्ञान, की नुसती सवय?

पुढच्या बाकावरची एक नर्स म्हणाली, सवय. मी म्हटलं, बाई, माझ्या शॉपमध्ये येऊन बोला. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या वॉर्डात या. मीही डोळे मिटून शीर शोधते. पण नवीन मुलीला शिकवायला लागले तेव्हा कळलं की मला शब्दच नाहीत. मग ते मला माहीत होतं असं कशावरून?"

वर्ग सुटला तरी आम्ही पार्किंगमध्ये भांडत होतो. बर्फ पडत होता, तिची टोपी पांढरी झाली. मी हरलो नाही. जिंकलो असंही नाही. घरी येताना गाडीत एकटाच मोठमोठ्यानं तिला उत्तरं देत होतो. एक चांगलं सुचलं, तेव्हा घर मागे राहून गेलं होतं. वळवून आणावी लागली गाडी.

रोंडानं विचारलं, "एवढं काय झालं?" तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, नर्स काय म्हणाली, मी काय म्हणालो. जेवण गार झालं. रोंडानं नर्सची बाजू घेतली.

शुक्रवार, २४ जानेवारी

व्हर्न चार वर्षं थांबत नाहीये. महिनाअखेरच चाललाय, मुलीकडे, ॲरिझोनाला. प्लांट मॅनेजर क्रान्त्झनं मला वर बोलावलं. मालकांशी बोललोय म्हणाला, तुझ्यापुरती पदवीची अट माफ. पुढच्या महिन्यापासून तू प्रमुख. फक्त नवी ओतायची लाइन दुपारपाळीत चालणार, तेव्हा प्रमुखानं दोन ते अकरा थांबायचं. किती दिवस? "दिवस कसले, कायमच."

म्हटलं, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मला वर्ग असतो.

"अरे, पण वर्ग कशासाठी करतोयस? ह्याच खुर्चीसाठी ना?"

सुरू केले तेव्हा त्याचसाठी. नको म्हणालो आणि जिना उतरलो.

रोंडा गुडघ्यांवर बर्फाची पिशवी धरून बसली होती. तिला सांगितलं, जसं झालं तसं. तिनं पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. मग एवढंच विचारलं, "किती देत होते?"

वर्षाला चौऱ्याण्णव हजार डॉलर.