राहिलेल्या पायऱ्या

रविवार, संध्याकाळ. लिंबायत.

मुलगा दुपारी म्हणाला, "बाबा, खानदेशातल्या आपल्या देवीच्या टेकडीवर आता गाडी थेट वर जाते. दिवाळीत आईला नेऊ. पायऱ्यांची झंझटच नाही." तेव्हापासून मला चैन नाही.

हाच लहानपणी तापातून उठला तेव्हा हिने नवस बोलला होता. टेकडीच्या त्या जुन्या दगडी पायऱ्यांना, एकेकीला हळदकुंकू लावत वर जाईन म्हणून. अर्ध्यावर मीच थांबवलं. सुट्टी संपली होती, इथे कापडाच्या कारखान्यात लूमवर हजर व्हायचं होतं, एसटी चुकेल म्हणून ओरडलो. तिने लाल बोटं पदराला पुसली आणि मुकाट खाली आली. वरून सगळं शहर दिसतं, तिच्या माहेरची गल्लीसुद्धा. तेही राहिलं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता तिचे गुडघे गेले. मला अजून ती लाल बोटंच दिसतात. का ओरडलो मी?

आत्ता ती भाकरी थापत होती, तेव्हा धीर करून विचारलं, "पायऱ्या मी केल्या तर?"

ती हसली. "गडीमानूस कुकू लावी? देवी हासी ना!"

"हसू दे. तू गाडीने वर जा, माहेर बघत बस. मी खालून येतो."

बोललो खरा. पण कितव्या पायरीवरून परतलो ते आठवत नाही, म्हणजे पहिलीपासूनच करावं लागेल. दम पुरेल का?

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "आधी हळद, मंग कुकू. उलटं करू नका."

विसरेन म्हणून लिहून ठेवतो. आधी हळद.