गॅसची गाडी

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आणि अण्णांना माझ्यातर्फे सांग, की मला "पेट्रोलवाल्यांचा जावई" म्हणणं बंद करा. मी एवढंच म्हणालो होतो, की तो जीपचा खटारा आता विका. त्यावर त्यांनी फोन आपटला. आम्ही फोनवर भांडतो म्हणून गाडीचा विषय पत्रातच काढायचा, हा नियम तुझाच ना? मग घे, काढला. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा अक्षर आहे तसं गोड मानून घे.

तुला दवाखान्याचं काम मिळालं हे वाचून मी गॅरेजमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो. माझी बहीण डायलिसिसच्या पेशंटची ने-आण करणार, स्वतः गाडी चालवून. पण एक जूनला धड गाडी दारात उभी नसेल तर काम दुसऱ्याला देणार, हे तू लिहिलंस तेव्हापासून मला चैन नाही. अण्णांच्या जीपमध्ये पेशंट बसवलास तर दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचे नटबोल्ट ढिले होतील.

आता इथलं, परदेशातलं ऐक. मी गाड्या धुतो आणि ऑइल बदलतो, म्हणजे लोक गाडीबद्दल काय बोलतात ते सगळं कानावर पडतं. इथे डिझेल म्हटलं की नाकं मुरडतात. गावाच्या मधल्या भागात जुन्या डिझेलला बंदी. शाळेसमोर इंजिन चालू ठेवून थांबलं तर दंड. परवा एक गृहस्थ डिझेलची गाडी धुवायला घेऊन आला. कोणी विचारलं नव्हतं, तरी आल्या आल्या सांगून मोकळा झाला, की ही माझी नाही, सासऱ्यांची आहे. आणि आपल्याकडे? डिझेलवाला मांडी ठोकून ॲव्हरेज सांगत बसतो आणि बाकीचे माना डोलावतात.

म्हणून सांगतो, डोळे झाकून गॅसची घे. इथे जो तो गॅसवरच चालवतो. आवाज नाही, धूर नाही, किल्ली फिरवली की सुरू. अण्णांचं ऐकत बसलीस तर तारीख निघून जाईल.

कळावे. रागावायचं तेवढं रागाव, लोभात मात्र काटछाट करू नकोस.

तुझा,
बारक्या


१३ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं ही चूक झाली. त्या सासऱ्यांच्या गाडीवाल्यावर अण्णा दोन दिवस चिडून आहेत. जेवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, की फुकटात डिझेलची गाडी मिळाली आणि वर लाज वाटते! मी म्हटलं, वाढू का अजून, तर म्हणाले, की त्या जावयाला वाढ.

त्यांचं म्हणणं तुला पाठ आहेच. पेट्रोल म्हणजे हौस, डिझेल म्हणजे धंदा. चढावर सहा माणसं बसवून जी गाडी धापा टाकत नाही तीच गाडी. आणि गॅस ही स्वयंपाकघरातली वस्तू, तिच्यावर माणसं बसवायची नसतात. पण या वेळी मी तुझी बाजू घेतली. तू रोज शंभर गाड्यांखाली झोपतोस, तुला कळत असणार, असं म्हटलं. जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे गेले, गॅसची गाडी बघितली आणि विसार देऊन आले. उरलेले पैसे महिन्याअखेर भरायचे.

आता मला एक नीट सांग. डिकीत अख्खी टाकी बसवलेली आहे. माझ्या पहिल्याच पेशंट मास्तरीणबाई, त्यांची चाकाची खुर्ची ठेवायची कुठे? विकणारा म्हणतो टपावर बांधा. बाई म्हणाल्या, की मग खुर्ची वर आणि मी खाली, वरात कोणाची? शिवाय गॅसचा पंप गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. भली मोठी रांग, आणि भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असा नियम. डायलिसिस होऊन आलेलं माणूस रस्त्याकडेला उभं राहणार कसं? तुमच्याकडे सगळेच गॅसवर चालवतात, तर तुम्ही हे कसं निभावता?

आणि ही नोकरी तरी टिकव. वर्षात तिसरी आहे. तुझ्या पायाला भिंगरी आहे ती जरा वेळ खिशात ठेव.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं समजून अस.

तुझी,
ताई


२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हातातलं सगळं खाली ठेव आणि आधी हे वाच. गॅस म्हणजे गॅस नाही. गॅस म्हणजे पेट्रोल!

अगं, इथले लोक पेट्रोलला गॅस म्हणतात. का म्हणतात ते त्यांनाच ठाऊक. वर्षभर तेच ऐकून माझ्या जिभेला वळण लागलं आणि मी बिनडोकासारखं तसंच लिहून टाकलं. तुझं पत्र वाचून मी मटकन टायरवर बसलो. नियम मोडून लगेच फोन लावला, तर उचलला अण्णांनी. मी नुसतं गॅस म्हणालो तेवढ्यात त्यांनी ठेवून दिला. परत लावला तर लागेना. शेजारच्या शिंप्याकडे निरोप ठेवलाय, की ताईला म्हणावं गॅसच्या गाडीचे पैसे भरू नकोस. त्याने दिला का?

इथे यावरून रोज गंमत चालते. आमचे उस्ताद, म्हणजे मोठे मेस्त्री, दुसऱ्याच देशातले. त्यांच्याकडे डिझेलला गॅसऑइल म्हणतात. म्हणजे मालक गॅस म्हणाले की पेट्रोल, उस्ताद म्हणाले की डिझेल, आणि मला आठवतो तो आपला सिलेंडर. म्हणून आम्ही तोंडाने काही मागत नाही, कॅनकडे बोट दाखवतो. पत्रात बोट दाखवता येत नाही, तिथे घात झाला.

उस्तादांना मी तुझी अडचण सांगितली. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, की त्यांच्या गावात डॉक्टर, लग्नातला नवरदेव आणि प्रेत, सगळे डिझेलमध्ये बसतात आणि कोणी तक्रार करत नाही. मग त्यांनी मला विचारलं, की गाडी चालवणार कोण. मी म्हटलं ताई. तर म्हणाले, मग तू कशाला घसा कोरडा करतोस?

मी जाऊन पाणी प्यायलो. पण पेट्रोलचीच घे असं मला अजून वाटतं. विसार बुडाला तर तो माझ्या अकलेच्या खात्यात टाक.

कळावे. माझ्यावर हसून झालं की थोडी माया शिल्लक ठेव.

तुझा मूर्ख भाऊ,
बारक्या


२ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

शिंप्याने निरोप दिला, पण कसा? म्हणाला, तुमचा भाऊ म्हणतोय की गॅस सोडू नका. मी धावत जाऊन शेगडी बघून आले. खरं काय ते तुझ्या पत्रातूनच कळलं. अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. लगेच म्हणाले, की मुलगा स्वतःच चुकलो म्हणतो, आता डिझेल. मी म्हटलं, तो चुकला म्हणून तुम्ही बरोबर होत नाही. गाडी चालवणार मी, आणि भांडताय तुम्ही दोघे. आता मी बघते.

मग मी एक केलं. मास्तरीणबाईंनाच बरोबर घेऊन विकणाऱ्याकडे गेले. त्याने आधी पेट्रोलची दाखवली. गाडी गोड होती, खरंच सांगते. पण दार एवढं खाली, की बाईंना आत घालायचं म्हणजे घडी करावी लागली असती. आवाराच्या कोपऱ्यात एक व्हॅन उभी होती, एका बंद पडलेल्या बेकरीची. सरळसोट, मागचं दार उघडलं की ओटाच. फळी टाकली आणि बाई खुर्चीसकट आत! आत अजून पावाचा वास येतो. बाई म्हणाल्या, की दवाखान्याच्या वासानंतर हेच औषध. त्याच व्हॅनमधून परत येताना तिच्या घुरघुरीत त्यांचा डोळा लागला. डायलिसिस सुरू झाल्यापासून धड झोप लागत नाही म्हणायच्या.

हो, आहे डिझेलची. तू दात ओठ खाऊ नकोस. मी डिझेल घेतलं नाही, दार घेतलं. विकणाऱ्याने विसार व्हॅनच्या हिशेबात धरला, तेव्हा तुझ्या अकलेचं खातं कोरंच राहिलं.

आणि अण्णा जिंकले असं समजू नकोस. दवाखान्याच्या दारात ते मला इंजिन बंद करू देत नव्हते. चालू-बंद करून गाडी झिजते म्हणे. मी तुझा शाळेसमोरचा दंड ऐकवला आणि सांगितलं, की इथे आजारी माणसं श्वास घेतात, माझ्या गाडीचा धूर त्यांच्या नाकात जाणार नाही. किल्ली काढून पदरात बांधली. अण्णांच्या हातात ना किल्ली, ना स्टिअरिंग. सीटही बाजूची, ब्रेकही नाही. नसलेला ब्रेक मात्र वाटभर दाबत होते.

काल एक तारीख होती. सकाळी दोन पेशंट, दुपारी एक. दवाखान्याच्या बाईंनी फेऱ्यांवर सही केली. काम माझं आहे.

अंगावर ऑइल सांडून घेऊ नकोस. आमची आठवण काढताना हसत काढ.

तुझी,
ताई

ता. क. अण्णांना दोन ओळी लिहायच्या आहेत: चि. बारक्यास आशीर्वाद. ताई गियर उशिरा टाकते, बाकी ठीक. तुझ्या उस्तादांना माझा नमस्कार सांग. माणूस जाणकार दिसतो.


११ जून

ती. ताईस व ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

उस्तादांना नमस्कार पोचवला. तेव्हापासून ते कॉलर ताठ करून फिरतात आणि मला रोज विचारतात, की वडिलांचं पत्र आलं का. अण्णांना म्हणावं, तुम्ही इथली माझी जागा धोक्यात आणताय.

मालकांनी मला टायरच्या कामावर घेतलंय. म्हणजे नोकरी तीच, काम नवीन. भिंगरीला तेवढं पुरे आहे सध्या.

ताई, मला खरंच आनंद झालाय. काल बाहेर उभा होतो. एक व्हॅन घुरघुरत गेली. शेजारच्या माणसाने नाक मुरडलं. मला उगाच त्याचा राग आला. त्याला म्हणणार होतो, की आत कोणीतरी झोपलं असेल. पण तेवढं बोलण्याइतकी भाषा आली नाही.

अण्णा, ताईला गियरवरून बोलू नका. तिच्या गाडीत बसलाय तुम्ही.

कळावे. तिघांमध्ये मीच लांब आहे, म्हणून लोभाचा मोठा वाटा माझा.

एक टाकी माझ्याकडून. हो, डिझेलची, आणि हे मीच लिहितोय. इथल्या पैशातले नव्वद पाठवतोय.

तुमचा,
बारक्या