नंबर नंतर विचार

प्रिय मास्तरीणबाई,

फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललासच तर मी घाईघाईत भलतंच काहीतरी बोलून बसेन. म्हणून लिहितेय. एकोणीस वर्षं आपण टेबलाला टेबल लावून बसलो, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, आणि तुला लिहिलेली माझी चिठ्ठी म्हणजे काय, तर 'स्टेपलर कुठे नेलास?' एवढीच. माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे. तेव्हा चष्मा लाव, बूड टेकून बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडलंस तर मी पुन्हा लिहीन, मग पुन्हा तेच अक्षर वाचावं लागेल.

तू रजेवर गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. तुझी खुर्ची कोणीतरी खिडकीकडे सरकवून ठेवलीय, तोंड भिंतीकडे करून. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखी दिसते. तुझ्या पाठीमागची ती चपटी झालेली उशी एका खोक्यात पडली होती, ती मी घरी आणली. आता सासूबाई तिच्यावर ठाण मांडून बसल्यात, मटार सोलतायत आणि दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघतायत. परवा मला म्हणाल्या, काय गं, आठ दिवस झाले, बातम्या लागल्या तरी टीव्हीवर खेकसली नाहीस, बरं नाही का तुला? मी म्हटलं, घसा बसलाय. त्यांना पटलं नाही. त्यांना काही पटत नाही, आणि या खेपेला बरोबरच आहे त्यांचं.

शुक्रवारी सर्वसाधारण सभा आहे हे तुला कळवलं असेलच. विषय एकच, ती अकरा पानं लिहून देणाऱ्या सभासदाचं नाव युनियनच्या यादीतून काढणे. सव्वीस वर्षांचं तुझं सभासदत्व, गं! नाव गेलं की उद्या कंपनीशी बोलणी होतील, कोणाला दुसऱ्या खात्यात घ्यायचं त्याची यादी युनियन देईल, त्यात तू नसशील. आणि मजल्यावर कोणी तुझ्याशी बोलणार नाही, ते तर आत्ताच बंद झालंय. ठराव वाचायचा कार्यवाहाने, म्हणजे मी. आपली ती जुनी पद्धत तुला आठवते ना, ठराव टाइप करताना नावाची जागा कोरी सोडायची आणि कार्यवाहाने ती स्वतःच्या हाताने भरायची, म्हणजे कोणावर आरोप करताना हात जरा जड व्हावा. तो कागद मंगळवारपासून माझ्या पर्समध्ये आहे. हात इतका जड झालाय की पर्ससुद्धा उचलवत नाही.

आठ महिन्यांपूर्वी मी कँटीनच्या खुर्चीवर उभी राहिले होते ते आठव. त्या सकाळी कंपनीने सगळ्यांच्या टेबलावर फॉर्म ठेवले होते. आपल्या मजल्याचं काम, विम्याचे सगळे दावे, परदेशातल्या केंद्राकडे जाणार. तिकडे माणसं आहेत, इमारत आहे, यंत्रं आहेत, फक्त काम कसं करतात ते त्यांना माहीत नाही. तेवढं आपण लिहून द्यायचं. म्हणजे आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, आणि त्याखाली आपलीच सही. मी खुर्चीवर चढून ओरडले, की एकतीस माणसांच्या डोक्यात जे आहे ते डोक्यातच राहील! काम रोजचं करायचं, चोख करायचं, पण लिहून द्यायचं नाही आणि शिकवायचं नाही. काय टाळ्या पडल्या! भोंगा म्हणतात मला ते उगीच नाही. तू एकटीने हात वर करून विचारलंस, की समजा त्यांनी तसंच नेलं, न शिकता, तर फोनवर जी माणसं असतील त्यांचं काय? मी तुला काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, ते कंपनीने बघावं, आपण काय ठेका घेतलाय? सगळे हसले. तूही शेवटी ठरावाच्या बाजूने हात वर केलास.

आणि ठरावाने काम केलं, हे कोणी नाकारू नये. कंपनीने दोनदा तारीख पुढे ढकलली. वरचे साहेब आपल्या टेबलाशी येऊन गोड बोलायला लागले होते, आठवतं? तुझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आले, तर तू म्हणालीस, साखर जास्त झालीय, चहातही आणि बोलण्यातही. मी तर हवेतच होते. जिंकलो असंच वाटत होतं मला.

मग त्यांनी तसंच नेलं, न शिकता. तू म्हणाली होतीस तसं. प्रयोग म्हणून आपल्या मृत्यूदाव्यांपैकी एक भाग तिकडे पाठवला. त्या फायली आपल्याला दिसायच्या, पण हात लावता यायचा नाही. एका दुपारी खालच्या स्वागतकक्षातून मला बोलावलं. एक बाई आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. नवरा ड्रायव्हर होता, निवृत्त झाल्यावर वर्षभरात गेला. दावा नामंजूर, कारण विम्यातलं नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही. मी कागद बघितला आणि घोळ लगेच कळला. जुन्या यंत्रात नावाला वीसच अक्षरं मावायची, लांब नाव असलं की शेपूट तुटायची. हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. तळघरात जायचं, जुनं कार्ड काढायचं, त्याच्यावर पूर्ण नाव असतं, काम खलास. तिकडच्यांना ते कोण सांगणार? माझा ठराव होता ना! ती बाई तिसऱ्यांदा आली होती. भांडली नाही. मला विचारत होती, की आमच्या यांनी आयुष्यभर दुसरंच नाव लावलं होतं का हो? माझ्यापासून काही लपवलं होतं का?

त्या दिवशी मी तुझ्याजवळ तिच्याबद्दल बोलले नाही. तू काय म्हणशील ते माहीत होतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

आता एक जुनी गोष्ट. तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तिच्यावाचून पुढचं लिहिता येणार नाही. माझा नवरा गेला तेव्हा याच कंपनीला मी फोन केला होता आणि तो तुझ्या टेबलावर वाजला होता. मी कागद हातात धरून तयार होते, की आता विम्याचा नंबर विचारतील. मला आकडे दिसतच नव्हते. तू नंबर विचारलाच नाहीस. जेवलात का, घरात कोण आहे, हेच विचारत राहिलीस. पुढे मी इथेच नोकरीला लागले, आणि पहिल्याच दिवशी तू मला शिकवलंस, की नंबर नंतर विचार, तो कुठे पळून जात नाही. आवाज मी लगेच ओळखला. तो फोन चौदा मिनिटं चालला होता आणि त्यासाठी साहेबांनी तुला झापलं होतं, हे तू मला कित्येक वर्षांनी कँटीनमध्ये सांगितलंस, फक्त मला.

त्या ड्रायव्हरच्या बायकोची फाईल तिकडच्या एका मुलीकडे होती. तिचा मेल आपल्या सगळ्यांना आला होता, तुलाही. काय चुकतंय ते कृपया सांगा, ही बाई रोज फोन करते आणि मला काही समजत नाही. ठरावाप्रमाणे सगळ्यांनी तो पुसून टाकला. मीही पुसला. पण मेलचा पत्ता मी आधी हातावर लिहून घेतला होता.

हो. ती अकरा पानं मी लिहिली. ठराव मांडणारी मी, टाळ्या घेणारी मी, आणि लिहून देणारीही मीच. आमच्या स्वयंपाकघरातल्या याच टेबलावर, रविवारी सकाळी, सासूबाई देवाचं नाव घेत बसलेल्या असताना. खरं तर युनियनच्या अध्यक्षकाकांकडे जाऊन म्हणायला हवं होतं, की ठराव बदलू या, मृत्यूदाव्यांपुरता तरी. पण आपलाच ठराव आपण आधी मोडायचा, लोक तोंडात शेण घालतील, याची भीती वाटली. ठरवलं होतं की एवढी एकच फाईल, तळघरातल्या कार्डाचं तेवढंच सांगायचं. पण तू काम असं शिकवलंयस की एक धागा ओढला की सगळं विणकाम हातात येतं. कार्डाचं लिहिलं, तर पहिलं पत्र कसं लिहायचं ते आलं, ते लिहिलं तर फोनवर कसं बोलायचं ते आलं. आणि तुला खोटं कशाला सांगू, लिहिताना बरं वाटत होतं मला. ती मुलगी दर उत्तराला इतके आभार मानायची! इतके महिने नुसतं नाही-नाही ओरडून माझा जीव विटला होता, गं. तिला बजावलं होतं, की हे तुझ्यापुरतं ठेव. तिने भाबडेपणाने शेजारच्या दहा जणींना दिलं. त्यांच्या साहेबांच्या हाती लागलं. आणि आपल्या साहेबांनी ते टेबलावर आपटून जाहीर केलं, की माहितीपुस्तिका तयार आहे, पुढच्या महिन्यात काम हलतंय.

ड्रायव्हरच्या बायकोचा दावा मंजूर झाला. मला त्याचा आनंद झाला, आणि तो आनंद कोणाला सांगायची सोय नाही, कारण त्याच पानांनी एकतीस घरांच्या पोटावर पाय आलाय. दोन्ही खरं आहे. रात्रंदिवस या दोन गोष्टींची डोक्यात हाणामारी चालू असते.

कमिटीत अध्यक्षकाकांनी ती पानं वाचायला घेतली तेव्हा मी तुझ्या समोरच बसले होते. त्यांचं ते बोट ठेवून वाचणं तुला माहीतच आहे. 'नंबर नंतर विचार, तो कुठे पळून जात नाही.' सगळ्यांच्या माना एकदम तुझ्याकडे वळल्या. अर्ध्या मजल्याला तू शिकवलंयस, हे वाक्य ज्याने त्याने तुझ्या तोंडून ऐकलेलं. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तू हात पुढे केलास, पानं घेतलीस, एकेक उलटत गेलीस आणि सातव्या पानावर थांबलीस. त्या पानावर मी लिहिलं होतं, की पहिल्या फोनला बाई रडत असेल तर घड्याळाकडे बघू नका, चौदा मिनिटंही लागू शकतात.

तू चष्मा काढून माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. मग काकांना म्हणालीस, की यातलं सगळं मीच शिकवलेलं आहे, ते मी नाकारणार नाही. त्यांनी विचारलं, पाठवलं कोणी? तू चष्मा चढवलास, पर्स उचललीस आणि निघालीस. लोकांनी त्याला कबुली म्हटलं. आणि मी, भोंगा, त्या सभेचं टिपण लिहीत बसले. बारा दिवस ते टिपण मी रोज वाचते. त्यात एकही शब्द खोटा नाही, तरी सगळं खोटं आहे.

तर हे पत्र कशासाठी, ते सांगते. सभागृहात सगळ्यांबरोबर तुला कळू नये, आधी माझ्याकडून कळावं, यासाठी. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते. शुक्रवारी तू ये. नेहमीसारखी दुसऱ्या रांगेत बस, काठाच्या खुर्चीवर. मी वाचायला लागले की तू उठायचं नाहीस, माझी बाजू घ्यायची नाहीस, मध्ये एक अक्षर बोलायचं नाहीस. एकदा माझ्यासाठी गप्प बसलीस, आता एकदा माझ्यासाठी बसून राहा. पुढे माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी वाट बघेन. उशी सोबत पाठवतेय, सासूबाईंच्या खालून ओढून काढलीय. आणि ठरावातली ती कोरी जागा मघाशी भरली. माझं नाव त्या जागेत मावेना, शेवटची दोन अक्षरं रेघेच्या बाहेर समासात गेली. पण पूर्ण लिहिलंय, तोडलं नाही.

तुझ्याच हाताखाली शिकलेली, तुझीच,
भोंगा